दार वाजलं तर

बरकतपुऱ्याच्या त्या घराच्या गच्चीवर जेवणं उरकून सगळे बसले होते. तेजश्री सोमवारी जाणार होती. तिला बँकेत नोकरी लागली होती, हैदराबादहून तीन-साडेतीन तासांवरच्या एका गावात. तिचा भाऊ रितेश मघापासून तिची टिंगल करत होता. गावात पिझ्झा मिळणार नाही, रात्री आठला सगळं सामसूम होईल, असलं काय काय.

"मामा, घर पण मिळालं," तेजश्री म्हणाली. "सेपरेट आहे. ओनर इकडे कुकटपल्लीलाच राहतो. सिंगल आहे म्हटलं तर काही बोलला नाही. उलट उद्याच चावी घेऊन जा म्हणाला."

एकनाथराव भिंतीला टेकून बसले होते. ते जरा पुढे सरकले.

"काहीच विचारलं नाही त्यानं? लग्न, घरचे, कोण येणार-जाणार?"

"काय मामा, आजकाल कोण विचारतं असलं?"

"आजकालच विचारतात, बेटा. ज्यानं विचारलं नाही त्याची भीती वाटते मला." ते पुढे म्हणाले, "माझा दोस्त प्रशांत, त्याची मुलगी आठवते का तुला? प्रियदर्शिनी. नल्लकुंट्याची."

"जनावरांची डॉक्टर ना? लंगडत चालते ती?"

"लंगडी नव्हती ती," एकनाथराव म्हणाले.

रितेशनं मोबाईल उलटा करून बाजूला ठेवला.

"गेल्या कार्तिकातली गोष्ट आहे. अमावास्या होती, बुधवारची. गावाचं नाव विचारू नका, मी सांगणार नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतात."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

*

त्या संध्याकाळी प्रियदर्शिनी घराबाहेर पडली ती एक बल्ब आणायला. अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणीघर होतं आणि त्यातला बल्ब गेला होता. दोन दिवस ती उजेड असतानाच आंघोळ उरकत होती. त्या दिवशी दवाखान्यात शेणामातीत हात घालून आली, अंगाला वास येत होता, म्हटलं आज बल्ब लावायचाच. मोबाईलची बॅटरी संपत आली होती. तो खोलीत चार्जिंगला लावला, पायात चप्पल सरकवली आणि ती निघाली.

दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. दुकानदार शटर ओढायच्या बेतात होता. अजून नीट अंधारही पडला नव्हता.

"इत्ती जल्दी?" प्रियदर्शिनीनं विचारलं.

"आज जल्दीच बंद रहता, डॉक्टरम्मा. तुम भी जाओ, घर को जाओ." त्यानं बल्ब हातात दिला, पैसे न बघताच गल्ल्यात टाकले आणि शटर खाली ओढलं.

परत येताना तिच्या लक्षात आलं की गल्लीत कुणीच नाही. रोज या वेळी बायका पायरीवर बसून भाजी निवडायच्या आणि ती आली की गप्प व्हायच्या. आज पायऱ्या रिकाम्या होत्या. दारं बंद होती. आतून टीव्हीचे आवाज तेवढे येत होते.

तिला उलट बरंच वाटलं. कुणी बघत नाही, असा हा पहिलाच दिवस.

दसऱ्यानंतर ती या गावात आली होती. सरकारी नोकरी, पहिली पोस्टिंग, पशुवैद्यकीय दवाखाना. घरी आई रडली, बाबा खूश झाले. तिला स्वतःला तर सुटल्यासारखं झालं होतं. सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःची चावी, स्वतःचा गॅस, रात्री वाट्टेल तेव्हा जेवायचं. नल्लकुंट्याच्या त्या दोन खोल्यांत पाच माणसांत वाढलेली मुलगी ती.

पण घर मिळेना. आठवडाभर ती दवाखान्याच्या स्टोअररूममध्ये झोपली. जिथे जावं तिथे तेच. शादी नहीं हुई? अकेली रहते? भाई आता क्या, सगा भाई? एका बाईनं तर तिच्यासमोरच नवऱ्याला सांगितलं की नक्को, आपल्या घरात पोरं मोठी होतायत. मग कुणीतरी या गल्लीतल्या घराचा पत्ता दिला. मालक हैदराबादहून आला, भरदुपारी. काही विचारलं नाही. चावी तिच्या हातात दिली, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, आणि चहालाही न थांबता परत गेला.

गल्लीनं मात्र सगळं विचारलं. तिला नाही, एकमेकांना. तिचा मावसभाऊ एकदा टेम्पोतून पलंग घेऊन आला, तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला शिपाईसुद्धा "कल कोई आये थे बोलते" म्हणाला.

एक चतुराबाई तेवढ्या वेगळ्या. समोरच्याच घरात एकट्या राहायच्या. सत्तरीच्या पुढच्या, दारात एक म्हैस. त्यांची म्हैस अडली ती प्रियदर्शिनी आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. रेडकू आडवं. रात्री म्हातारीनं दार बडवलं आणि ही अनवाणी धावली. खांद्यापर्यंत हात आत घालून दोन तास झगडली. रेडकू जिवंत निघालं, म्हैसही वाचली. चतुराबाईंनी तिचे पाय धरले.

"लेक हायस माझी. पोटची नसलीस म्हनून काय झालं."

तेव्हापासून रोज ताटलीत काहीतरी यायचं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कधी नुसताच ठेचा. आणि गल्लीतली बाकीची घरंही जनावर आजारी पडलं की बिनदिक्कत तिचं दार वाजवायची. मध्यरात्र असो, पहाट असो. ती प्रत्येक वेळी उठली. सकाळी तीच माणसं तिच्याकडे बघून पुटपुटायची, रात्री-अपरात्री पुरुषमाणसांना दार उघडते म्हणून.

त्या बुधवारी सकाळीच चतुराबाई ताटली घेऊन आल्या होत्या.

"आज आवस हाय," त्या म्हणाल्या. "दिवे लागले की दार लावून घे. कुनी वाजवलं तर उघडू नगं."

"जनावर आजारी असलं तर, आजी?"

"मेलं तर मरू दे. आपल्या गल्लीतलं कुनी येत नसतंय आज. जे येतंय ते..." म्हातारी थांबली. "हाक मारंल. नाव सांगंल. रडंल. पर उघडू नगं."

"कोण?"

चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या निघून गेल्या. प्रियदर्शिनी हसली. मागच्या, दिवाळीच्या अमावास्येला ती नल्लकुंट्याला घरी होती, त्यामुळे हे तिला नवंच होतं. दिवसभरात ती ते विसरूनही गेली.

आता बल्ब हातात घेऊन ती न्हाणीघरात शिरली. घराचं दार उघडंच होतं, त्यातून जेवढा उजेड अंगणात पडला होता तेवढाच. होल्डर वर होता. ती टाचा उंचावून उभी राहिली. बल्ब बसेना. पाय थोडा मागे घेतला, पाण्याच्या ड्रमपाशी.

कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जशी वाफ सुटते, तसा आवाज झाला.

आणि पायात आग गेली.

ती किंचाळली नाही. बल्ब पडून फुटला. ती बाहेर आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. तिच्या मागोमाग तेही बाहेर आलं. जाड, बुटकं, अंगावर गोल गोल ठिपके. घोणस. कॉलेजात तिनं बाटलीतली पाहिली होती. घोणस सावकाश अंगण ओलांडून गेली आणि घराच्या पायरीवर, बरोबर उजेडात, वेटोळं घालून बसली.

आत टेबलावर मोबाईल होता. इथून दिसत होता.

प्रियदर्शिनी डॉक्टर होती. काय करायचं ते तिला माहीत होतं. पळायचं नाही. पाय बांधायचा नाही. कापायचं नाही. लवकरात लवकर इंजेक्शन. सरकारी हॉस्पिटल बसस्टँडच्या पलीकडे होतं आणि गल्लीत तीन घरांसमोर मोटरसायकली उभ्या होत्या. दहा मिनिटांचा प्रश्न. ती स्वतःला तेच सांगत फाटकाबाहेर आली.

आधी ती समोरच गेली.

"आजी! आजी, दार उघडा. मला साप चावलाय."

आत सिरियल चालली होती. कुणीतरी बाई मोठमोठ्यानं बोलत होती. तो आवाज एकदम बंद झाला.

"आजी, मी आहे. प्रियदर्शिनी."

दाराखालच्या फटीतून उजेडाची रेघ येत होती. त्या रेघेत दोन पावलांची सावली येऊन उभी राहिली. अगदी दाराला लागून. बांगडी वाजली.

"आजी... मीच आहे हो. खरंच मी आहे."

पावलं तिथेच होती.

मग उजेडाची रेघ गेली.

तिला वाटलं, उघडतायत. ती वाट बघत राहिली. पाय गुडघ्यापर्यंत ठणकायला लागला होता, पोटरी टम्म झाली होती. दार उघडलं नाही.

ती शेजारच्या घराकडे वळली. त्यांच्या गाईला तिनं मागच्याच आठवड्यात सलाईन लावलं होतं. दारावर थाप मारली. टीव्ही बंद. दिवा बंद. आत कुणीतरी कुजबुजलं, आणि एक पुरुषी आवाज दबक्यानं म्हणाला, "बोलू नको. ती बी असंच म्हनत होती."

ती... कोण ती?

पुढचं दार. "साप चावलाय. ॲम्ब्युलन्सला फोन तरी करा. दार नका उघडू. फोन करा." टीव्ही बंद. दिवा बंद.

पुढचं दार. तिथे एक लहान मूल रडायला लागलं. कुणीतरी त्याचं तोंड दाबलं.

ती जसजशी पुढे जात होती तसतशी गल्ली विझत होती. तिच्या हातानं. जे दार ती वाजवेल ते घर काळं. शेवटी मागे वळून पाहिलं तर उजेड फक्त तिच्या स्वतःच्या घरात होता, आणि त्या उजेडात ते वेटोळं.

तिला उलटी झाली. हिरड्यांतून रक्ताची चव आली. डोळ्यांपुढे सगळं दोन-दोन दिसू लागलं. गल्लीचं तोंड अजून थोडं लांब होतं. दुकान बंद होतं. ती दुकानाच्या अलीकडच्या एका ओट्याला टेकली... मग खाली बसली. जरा वेळ. एवढ्याशा वेळानं काय होणार.

तेव्हा मागून आवाज आला.

खट्.

लोखंडाचा. कडीचा.

तिनं मान वळवली. उघडलं कुणीतरी! देवा, उघडलं.

खट्.

दुसरं घर. मग तिसरं. एकामागून एक, तिच्याच दिशेनं येत होतं. तिनं डोळे ताणून पाहिलं. अंधार होता, पण दारं दिसत होती. एकही दार उघडत नव्हतं.

खट्.

खट्.

आणि त्या आवाजांच्या मध्ये आणखी एक आवाज होता. बारीक. शीळ घातल्यासारखा. कुणीतरी श्वास घेत होतं. ओढून... ओढून. छातीत वारा अडकल्यासारखं. थांबत होतं, परत ओढत होतं.

ते जवळ आलं.

ओट्यापाशी थांबलं.

प्रियदर्शिनीला हलता येईना.

काखेत हात आला. गार. पण हात माणसाचाच. बाईचा, बोटं बारीक. त्या हातानं तिला उठवलं.

"बसू नको," कुणीतरी म्हणालं. मग बराच वेळ नुसता श्वास. "मी बसले होते."

...

चेहरा तिनं पाहिला नाही. बघायचं धाडस झालं नाही. एवढंच आठवतं की चालताना चपलांचा आवाज एकीचाच होता. डोकं बाजूला झुकलं की तो हात घट्ट व्हायचा. शीळ कानाशी वाजत होती. वर... खाली. वर... खाली. तिनं त्या श्वासावर पावलं टाकली.

रस्त्याचे दिवे आले. एक ऑटो उभी होती. हात सुटला.

शीळही थांबली.

*

एकनाथरावांनी तांब्यातलं पाणी घेतलं. खाली रस्त्यावरून एक बस गेली.

"मग?" रितेशनं विचारलं.

"मग काय. ऑटोवाल्यानं नेलं हॉस्पिटलात. इंजेक्शन होतं त्यांच्याकडे, नशीब. प्रशांतला तिथून फोन आला. तो रडत माझ्या दाराशी. मी गाडी काढली, आणि उजाडायच्या आत आम्ही दोघं तिथे पोचलो. पाय काळानिळा पडला होता तिचा. पुढे इथे आणल्यावर पोटरीचं मांस काढावं लागलं. म्हणून लंगडते ती."

"आणि ती गल्ली?"

"एक माणूस नाही आला, बेटा. ज्यांच्या गाई-म्हशींसाठी ती पहाटे उठायची, त्यातलं एक नाही. फक्त ती म्हातारी आली. चतुराबाई."

सकाळचे साडेनऊ वाजले असतील. चतुराबाई वॉर्डच्या दारातच बसल्या, आत येईनात. मग आल्या आणि प्रियदर्शिनीच्या पायाशी डोकं टेकून रडायला लागल्या. त्यांनीच सांगितलं सगळं. तीन वर्षांपूर्वी त्याच घरात अपर्णा नावाची मुलगी राहायची. इंग्लिश शाळेत टीचर. तीही एकटी. तिला दमा होता. तिच्याकडे एक मुलगा मोटरसायकलवरून यायचा आणि गल्ली त्यावरून बोलायची. तो तिचा भाऊ होता हे नंतर कळलं, मयताला आला तेव्हा. एका अमावास्येला दिवेलागणीला तिला दम लागला. पंप संपला होता. तिनं गल्लीतलं प्रत्येक दार वाजवलं. गल्लीला वाटलं, पोराशी भांडण झालं असेल, आपण मध्ये कशाला पडा. सकाळी ती दुकानाअलीकडच्या ओट्याला टेकून बसलेली सापडली.

"तवापासनं दर आवसंला दार वाजतंय," चतुराबाई म्हणाल्या. "कुनी उघडत न्हाई."

प्रियदर्शिनीला धड बोलता येत नव्हतं. तिनं विचारलं, "आजी, तुम्ही दाराशी आला होतात ना? मला पाय दिसले तुमचे."

"आले व्हते गं माय. तुझा आवाज वळखला मी. दिवा घालवला आन् कडी काढली. दार ओढते तर उघडंना. बाहेरनं कडी! कुनीतरी बाहेरनं कडी घातल्याली. किती ओढलं... हात बघ माझे." आणि त्यांनी हात पुढे केले. सुरकुतलेले हात.

प्रियदर्शिनीनं ते दोन्ही हात धरले. सकाळपासून ती रडली नव्हती, तेव्हा रडली. म्हणाली, "बाबा, बघा. एक जण तरी उठलं होतं."

तेजश्रीनं डोळे पुसले. "म्हणजे त्या अपर्णानंच कड्या घातल्या बाहेरून. आता उघडायचं म्हटलं तरी उघडता येऊ नये म्हणून."

"कुणी घातल्या मला माहीत नाही. मी पाहिलं नाही," एकनाथराव म्हणाले. "प्रियदर्शिनी अजून त्या म्हातारीला फोन करते. संक्रांतीला लुगडं पाठवलं तिनं. सगळ्या गावात तेवढंच एक माणूस आपलं होतं, असं म्हणते. त्यावरच उभी आहे ती."

त्यांनी तांब्या उचलला, तसाच परत ठेवला.

"मामा?"

"दुपारी मी तिचं सामान आणायला त्या घरी गेलो. सर्पमित्रानं घोणस नेली होती. गल्लीत सगळे खाली मान घालून. कुणी माझ्याशी बोलेना. एक दूधवाला तेवढा सायकल घेऊन उभा होता, यादगिरी नावाचा. माझ्याच वयाचा. तो आपणहून जवळ आला. म्हणाला, साब, तीस साल से दूध डालतूं इस गल्ली में, ऐसा कभी नै देखा. पहाटे आला तर घराघरांतून आतून दारं बडवतायत, खोलो, खोलो म्हणून. बाहेरून कड्या. त्यानं एकेक करत सगळ्या काढल्या."

"म्हणजे खरं होतं," रितेश म्हणाला.

"खरंच होतं. मीही मान डोलावली. सहज म्हणून म्हटलं, और ये सामने वाली अम्मा? बहुत रोये वो. दरवाजा खींच-खींच के हाथ दुखे उनके."

एकनाथराव गच्चीच्या कठड्याकडे बघत होते.

"त्यानं त्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला... नै साब. सब के दरवाजे को बाहर से कडी लगी थी. पूरी गल्ली. एक वहीच दरवाजा था, उसको नै थी."